एसजीपीए ७.८२ आणि ५.९०, मग सीजीपीए ६.९० कसा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीचं पहिलं वर्ष संपवलेल्या मुलीने दोन्ही सेमिस्टरच्या गुणपत्रिका पाठवून चार गोष्टी विचारल्या आहेत. पहिल्या सेमचा एसजीपीए ७.८२ आणि दुसऱ्याचा ५.९०, दोघांची सरासरी ६.८६ येते, तर गुणपत्रिकेवर सीजीपीए ६.९० कसा छापला? पहिल्या सेमला मैत्रिणीला तिच्यापेक्षा २० गुण जास्त असून एसजीपीए कमी का? दुसऱ्या सेममध्ये रसायनशास्त्राचा बॅक लागलाय, म्हणजे तो पेपर नापास झालाय, तो निघाला की आकडा किती वर जाईल? आणि घरी बाबा ‘टक्के किती’ एवढंच विचारतात, नेट कॅफेवाला शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी ९.५ ने गुणायला सांगतो, ते बरोबर आहे का?

मी गणित शिकवते आणि कॉलेजच्या परीक्षा विभागाचं काम बरीच वर्षं पाहते. निकाल लागला की आमच्या खिडकीशी हेच चार प्रश्न येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वही-पेन घेऊन बस आणि माझ्यासोबत प्रत्येक आकडा स्वतः काढून बघ.

गुणपत्रिका हातात आली की सगळ्यांची नजर आधी ग्रेडवर जाते. तू आधी क्रेडिटच्या रकान्यावर बोट ठेव. तुझ्या चारही प्रश्नांची किल्ली त्या रकान्यात आहे आणि नेमका तोच रकाना कोणी वाचत नाही. क्रेडिट म्हणजे त्या विषयाला सेमिस्टरभरात दिलेला वेळ. थिअरीचे साधारण १५ तास म्हणजे १ क्रेडिट, प्रॅक्टिकलचे ३० तास म्हणजे १ क्रेडिट. म्हणून ४ क्रेडिटच्या थिअरीला ६० तासिका लागतात, आणि २ क्रेडिटच्या प्रॅक्टिकललाही ६० तास प्रयोगशाळेत उभं राहावं लागतं. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एका सेमिस्टरला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. तुझ्या पहिल्या सेमला २२ होते, दुसऱ्याला २०.

एसजीपीए म्हणजे एका सेमिस्टरचा आकडा, सीजीपीए म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरचा मिळून. दोन्ही काढायची रीत एकच. प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट (गुणांच्या टप्प्याप्रमाणे मिळणारा ० ते १० मधला आकडा) त्याच्या क्रेडिटने गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. तुझ्या पहिल्या सेमची गुणपत्रिका समोर ठेवून हे केलं:

रसायनशास्त्र, १०० पैकी ७१, क्रेडिट ४, ग्रेड पॉइंट ८: ३२
वनस्पतीशास्त्र, १०० पैकी ६०, क्रेडिट ४, ग्रेड पॉइंट ७: २८
प्राणीशास्त्र, १०० पैकी ६२, क्रेडिट ४, ग्रेड पॉइंट ७: २८
रसायन प्रॅक्टिकल, ५० पैकी ४१, क्रेडिट २, ग्रेड पॉइंट ९: १८
वनस्पती प्रॅक्टिकल, ५० पैकी ४०, क्रेडिट २, ग्रेड पॉइंट ९: १८
मराठी, ५० पैकी ३५, क्रेडिट २, ग्रेड पॉइंट ८: १६
इंग्रजी, ५० पैकी २८, क्रेडिट २, ग्रेड पॉइंट ६: १२
पर्यावरण, ५० पैकी ४५, क्रेडिट २, ग्रेड पॉइंट १०: २०

बेरीज १७२. भागिले २२. उत्तर ७.८१८, दोन दशांशांपर्यंत ७.८२. जुळलं.

दुसऱ्या सेमला रसायनशास्त्रात ३८, म्हणजे एफ, म्हणजे शून्य पॉइंट. बाकीच्यांचे वनस्पती २८, प्राणी २४, दोन प्रॅक्टिकलचे १८ आणि १८, मराठी १६, इंग्रजी १४. बेरीज ११८, भागिले २०, म्हणजे ५.९०. तेही जुळलं.

इथे एक चूक बरीच मुलं करतात. बॅक लागलेला पेपर ते हिशेबातूनच काढून टाकतात आणि ११८ ला १६ ने भागतात. मग ७.३८ येतात आणि विद्यापीठाने आकडा चुकवला असं वाटतं. नापास पेपरचा पॉइंट शून्य धरला, तरी त्याचे ४ क्रेडिट भाजकात राहतात. काही विद्यापीठं तर सगळे विषय निघेपर्यंत एसजीपीएच छापत नाहीत, त्या जागी नुसती रेघ असते. तुझ्या गुणपत्रिकेत छापलाय, त्यामुळे ५.९० हाच तुझा आजचा आकडा आहे.

आता सीजीपीए. दोन सेमिस्टरचे क्रेडिट सारखे नाहीत, म्हणून दोन एसजीपीएंची बेरीज करून दोनाने भागून चालत नाही. घरच्या कापसावरून पाहा. बाबांनी पहिल्या खेपेला २० क्विंटल ७,००० च्या भावाने दिला आणि राहिलेला २ क्विंटल फरदडीचा ६,००० ने गेला. यंदा सरासरी भाव किती पडला? ६,५०० कोणीच म्हणणार नाही. १,५२,००० रुपये आले, २२ क्विंटल गेला, म्हणजे ६,९०९ चा भाव पडला. क्रेडिट म्हणजे हे वजन. तुझे पहिल्या सेमचे १७२ आणि दुसऱ्याचे ११८ मिळून २९० पॉइंट, क्रेडिट २२ आणि २० मिळून ४२. २९० भागिले ४२, ६.९०. गुणपत्रिकेवरचा आकडा बरोबर आहे.

फरक ०.०४ चाच निघाला, कारण २२ आणि २० जवळजवळ सारखे आहेत. पुढे एखाद्या सेमला क्रेडिट बरेच कमीजास्त झाले तर फरक मोठा पडेल, म्हणून सवय आत्तापासूनच लाव. आणि छापील एसजीपीएवरून मागे जाऊन पॉइंट काढायचे असतील तर ७.८२ गुणिले २२ हे १७२.०४ येतं. छापताना दोन दशांशांपर्यंत आकडा आणलेला असतो, त्याचा तो फरक. ग्रेड पॉइंट आणि क्रेडिट दोन्ही पूर्णांकात असले की गुणाकारही पूर्णांकातच येतो, म्हणून जवळचा पूर्णांक धरायचा, १७२.

मैत्रिणीचं गणित मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण यात मुलींची मनं दुखावतात आणि मैत्रीत उगाच अढी बसते. तिचे ५५० पैकी ४०२, तुझे ३८२. तिचा एसजीपीए ७.४५, तुझा ७.८२. तुझ्या गुणपत्रिकेच्या मागे छापलेला तक्ता बघ: ९० आणि वर १० पॉइंट, ८० पासून ९, ७० पासून ८, ६० पासून ७, ५५ पासून ६, ५० पासून ५, ४० पासून ४, त्याखाली शून्य. या रेषा विद्यापीठानुसार आणि अभ्यासक्रम कोणत्या वर्षीचा आहे त्यानुसार बदलतात, त्यामुळे दुसऱ्याच्या तक्त्यावर आपला हिशेब करायचा नाही. अमरावती, नागपूर आणि गोंडवाना अशी तीन विद्यापीठं आपल्या विदर्भातल्या कॉलेजांना लागतात. यवतमाळची मुलगी आणि वर्ध्याची तिची मावसबहीण यांच्या गुणपत्रिका शेजारी ठेवून वाद घालण्यात काही अर्थ नसतो.

आता दोघींचे गुण शेजारी लावले. प्राणीशास्त्रात तिला ६९, तुला ६२, दोघींना ७ पॉइंट. प्रॅक्टिकलला तिला ४४ आणि ४४, तुला ४१ आणि ४०, सगळीकडे ९. मराठीत तिला ३९, तुला ३५, दोघींना ८. इंग्रजीत २९ आणि २८, दोघींना ६. पर्यावरणात ४९ आणि ४५, दोघींना १०. इथपर्यंत ती तुझ्यापेक्षा २३ गुणांनी पुढे गेली, आणि पॉइंट एकही जास्त मिळाला नाही. उरले दोन विषय. रसायनात तिला ६९, तुला ७१. वनस्पतीशास्त्रात तिला ५९, तुला ६०. फक्त ३ गुणांचा फरक, पण दोन्ही ठिकाणी रेष मध्ये आली, आणि दोन्ही पेपर ४ क्रेडिटचे. ४ आणि ४ असे ८ पॉइंट तिचे कमी झाले. १७२ च्या जागी १६४, भागिले २२, ७.४५.

हे न्याय्य आहे का, असं तू विचारलं नाहीस, पण मनात आलं असणार. माझं मत सांगते. ७१ आणि ७२ गुणांच्या दोन मुलांत खरा फरक काहीच नसतो. पेपर दुसऱ्या परीक्षकाकडे गेला असता तर ते उलटही झालं असतं. म्हणून दोघांना एकाच पायरीवर बसवण्यात शहाणपण आहे. पण पायरीच्या काठावरच्या मुलावर त्याच पद्धतीने अन्याय होतो. ५९ आणि ६० यांच्यातही खरा फरक नसतो, आणि तिथे मात्र पूर्ण एक पॉइंट जातो. मैत्रीण अभ्यासात तुझ्यापेक्षा मागे नाही, हे तिला तूच सांग. तिची गुणपत्रिका घेऊन बसा आणि हाच हिशेब तिच्या हाताने करवून घे.

कृषी महाविद्यालयातल्या मुलांना ही काठाची अडचण येत नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी शेकडा गुणांना १० ने भागून ग्रेड पॉइंट काढतात, म्हणजे ६७ गुणांना ६.७०. त्यांच्या गुणपत्रिकेवर क्रेडिट २+१ असे लिहिलेले दिसतात, त्यातले २ थिअरीचे आणि १ प्रॅक्टिकलचा, आणि शेवटच्या एकूण आकड्याला ते ओजीपीए म्हणतात. तुझा भाऊ कृषीला असेल तर त्याच्या ७.२० शी तुझे ७.२० ताडून पाहू नकोस. दोन्ही आकडे वेगळ्या रीतीने आलेले आहेत.

काठावरच्या गुणांबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ही आपल्या भागातल्या मुलांनी नीट ऐकायची आहे. २२ क्रेडिटच्या सेमला ४ क्रेडिटच्या पेपरात एक पायरी वर गेलं की एसजीपीए ०.१८ ने वाढतो, २ क्रेडिटच्या पेपरात ०.०९ ने. ही पायरी चढायला लागणारे एक-दोन गुण पुष्कळदा लेखी पेपरात मिळवायचे नसतातच, ते अंतर्गत मूल्यमापनात आधीच गमावलेले असतात. आपल्याकडे पहिल्या सेमच्या असाइनमेंट आणि चाचण्या नेमक्या सोयाबीनच्या सोंगणीवर येतात, मग दिवाळी, मग कापसाची वेचणी. घरात माणसं कमी, मजूर मिळत नाही, वावर ओलं असेपर्यंत थांबायचं आणि उघाड पडली की सगळ्यांनी जायचं. मुलगी आठ-दहा दिवस कॉलेजला येत नाही आणि चाचणीच्या रकान्यात शून्य लागतं. गावावरून येणारी एसटी चुकली म्हणून सेमिनार हुकलेली मुलंही मी दरवर्षी बघते. हे आळशीपणाने होत नाही. पण गुणपत्रिकेला कारण कळत नाही, तिथे ५९ च छापले जातात.

म्हणून सोंगणीला जाण्याआधी विषयाच्या सरांना किंवा मॅडमना तसं सांगून जा. असाइनमेंट आधी देता येते, चाचणी नंतर घेता येते का ते विचारता येतं. अंतर्गत गुण विद्यापीठाकडे पाठवायची एक तारीख असते आणि त्या तारखेपर्यंत शिक्षकाच्या हातात थोडी मोकळीक असते. ती तारीख गेल्यावर आमच्याकडे येऊन रडणाऱ्या मुलीसाठी मनात असूनही काही करता येत नाही. तुझ्या मैत्रिणीला विचार, वनस्पतीशास्त्राची दुसरी असाइनमेंट तिने दिली होती का.

आता टक्के. बाबांचा प्रश्न बरोबरच आहे, त्यांच्या काळी टक्केच होते, आणि नोकरीच्या, शिष्यवृत्तीच्या, प्रवेशाच्या फॉर्मात अजूनही टक्केच मागतात. नेट कॅफेवाला सांगतो तो ९.५ चा गुणाकार मात्र तुझ्यासाठी नाही. तो सीबीएसईच्या दहावीचा होता, २०१० पासून काही वर्षं तिथे गुणांऐवजी सीजीपीए देत होते तेव्हाचा. सर्वात वरच्या ग्रेडमधल्या मुलांचे सरासरी गुण ९५ च्या आसपास निघाले, त्यावरून १० पॉइंटला ९५ असं ते प्रमाण धरलं होतं. आपल्या बीएस्सीशी त्याचा काही संबंध नाही, पण इंटरनेटवर कुठेही शोधलं तरी तोच आकडा आधी येतो, म्हणून सगळीकडे पसरलाय.

इंजिनिअरिंगसारख्या तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी एआयसीटीईचा, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा, वेगळा तक्ता आहे. त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.७५ म्हणजे ७०. थोडक्यात सीजीपीएतून ०.७५ वजा करून १० ने गुणायचं. काही विद्यापीठं सरळ १० ने गुणतात, काहींचं स्वतःचं सूत्र आहे. तुझ्या पहिल्या सेमचे ७.८२ घे. ९.५ ने गुणले तर ७४.२९, १० ने गुणले तर ७८.२, एआयसीटीईच्या रीतीने ७०.७. आणि प्रत्यक्ष गुण ५५० पैकी ३८२, म्हणजे ६९.४५ टक्के. एकाच मुलीचे, एकाच परीक्षेचे हे चार आकडे. यातला कोणताही आकडा आपल्या मनाने फॉर्मात भरायचा नाही.

भरायचा तो तुझ्या विद्यापीठाने ठरवलेला. गुणपत्रिकेच्या मागे सूत्र छापलेलं असेल तर ते वापर. नसेल तर परीक्षा विभागातून ते मागून घे, आणि महत्त्वाच्या अर्जासाठी कॉलेजच्या शिक्क्याचं पत्र घे. गुणपत्रिकेवर प्रत्यक्ष गुण छापलेले असतील आणि फॉर्मात मिळालेले गुण व एकूण गुण असे दोन रकाने असतील तर तेच गुण भर, सूत्राची गरजच नाही. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, भरलेला अर्ज आधी कॉलेजकडे तपासायला येतो. आमचे बाबू गुणपत्रिका उघडून आकडा ताडून पाहतात, आणि जुळला नाही तर अर्ज परत जातो. मग पुन्हा तालुक्याला ये, पुन्हा कॅफेत रांग लाव, मजुरीचा दिवस बुडव. त्यापेक्षा एक दिवस आधी येऊन खिडकीवर विचारलेलं बरं.

पुढे एमएस्सी करून नेट किंवा सेट (प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा) द्यायची असेल तर हे आणखी मोठं होतं. त्यासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५०. सीजीपीए ६.२० असलेली मुलगी एका सूत्राने ६२ टक्क्यांवर आहे आणि दुसऱ्या सूत्राने ५४.५ वर, आणि ५४.५ चे ५५ कोणी करून देत नाही. तू आज पहिल्या वर्षाला आहेस, पण आपल्या विद्यापीठाचं सूत्र वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेव.

बाबांना काय सांगायचं? पहिल्या सेमला साडेएकोणसत्तर टक्के, दुसऱ्या सेमला रसायन राहिलं, बाकीचे सगळे निघाले. दुसऱ्या सेमचे टक्के आत्ता सांगू नकोस, बॅक निघाला की सांग. कापसाचं उदाहरण देऊन क्रेडिटही समजावून सांग, त्यांना ते तुझ्याआधी कळेल.

बॅकचा हिशेब आता तुला स्वतःला करता येईल. दुसऱ्या सेमच्या ११८ मध्ये रसायनाचे पॉइंट मिळवायचे, भाजक २० च राहतो, कारण ते ४ क्रेडिट आधीपासून तिथे आहेत. पुढच्या परीक्षेत ५६ मिळाले तर ग्रेड पॉइंट ६, म्हणजे २४ पॉइंट. १४२ भागिले २०, एसजीपीए ७.१०. सीजीपीए ३१४ भागिले ४२, म्हणजे ७.४८. आजच्या ६.९० वरून एकाच पेपरने एवढी झेप. बॅकचा पेपर नुसता ‘काढायचा’ म्हणून ४० च्या पुढे अभ्यास न करणारी मुलं इथे फार गमावतात. जेमतेम ४० आले तर सीजीपीए ७.२९ वर थांबतो, ६० आले तर ७.५७ वर जातो. त्याच पेपरला पुन्हा बसायचंच आहे तर नीट तयारी करून बस.

आणखी एक. पेपर निघेपर्यंत ते ४ क्रेडिट तुझ्या खात्यात जमा होत नाहीत. गुणपत्रिकेवर ‘मिळवलेले क्रेडिट’ असा रकाना आहे, तिथे ४२ नसून ३८ दिसतील. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे तुझ्या अपार आयडीला (विद्यार्थ्याच्या देशभर चालणाऱ्या ओळख क्रमांकाला) जोडलेल्या खात्यात, जमा होतात ते मिळवलेले क्रेडिट. पुढे कधी कॉलेज बदलावं लागलं किंवा मध्ये शिक्षण थांबवावं लागलं तर सीजीपीएच्या बरोबरीने हा आकडा विचारतात. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायलाही किमान ४० क्रेडिट लागतात आणि वर ४ क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम. तुला बाहेर पडायचं नाहीये हे मला माहीत आहे, पण वर्गातल्या ज्या मुलींच्या घरी लग्नाची बोलणी सुरू आहेत त्यांना हे सांग. त्यांनी एक पेपर राहिला म्हणून वर्ष वाया गेलं असं समजू नये. तो एक पेपर काढला की पुढे कधीतरी परत येण्यासाठी त्यांच्या नावावर काहीतरी जमा राहतं.

शेवटी ८ च्या वर जायचंय असं तू लिहिलंस. जाता येईल. पदवीचे एकूण क्रेडिट १३२ धरले तर ८ साठी १,०५६ पॉइंट लागतात. रसायन ५६ ने निघालं असं धरून तुझे ३१४ झाले. उरले ७४२ पॉइंट आणि ९० क्रेडिट, म्हणजे पुढच्या चार सेमिस्टरला सरासरी ८.२४. पहिल्या सेमच्याच गुणपत्रिकेवर बघ याचा अर्थ काय होतो: वनस्पती ६० वरून ७०, प्राणी ६२ वरून ७०, इंग्रजी २८ वरून ३०. एवढंच. १८२ पॉइंट, ८.२७. रसायन, मराठी, प्रॅक्टिकल होतं तिथेच राहिलं तरी चालतं. पण हे दुसऱ्या वर्षापासूनच करावं लागेल. पुढच्या सेमला २२ क्रेडिट धरले तर एकूण ६४ होतात, आणि त्या सेमचा एसजीपीए १ ने बदलला तर तेव्हाचा सीजीपीए ०.३४ ने हलतो. शेवटच्या वर्षी १३२ क्रेडिटवर तोच बदल फक्त ०.१७ ने हलवतो. शेवटच्या सेमला जीव तोडून अभ्यास करणारी मुलं माझ्या डोळ्यासमोर आहेत, आणि त्यांचा आकडा जागचा का हलला नाही हे त्यांना तेव्हा सांगताना मला फार वाईट वाटतं.

आणि या आठवड्यात करायचं काम. रसायनाचे ३८ आहेत, फक्त दोन गुण कमी. आधी गुणपत्रिकेत लेखी आणि अंतर्गत असे वेगळे गुण बघ. अंतर्गतच्या जागी शून्य किंवा गैरहजर असं दिसत असेल आणि तू चाचणी दिली असशील तर लगेच कॉलेजच्या परीक्षा विभागात जा, गुण पाठवायचे राहिले किंवा चुकले असतील तर कॉलेजच्या पत्राने दुरुस्ती होऊ शकते. अंतर्गत बरोबर असतील तर उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज कर. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहणं हा विद्यार्थ्याचा हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच माहिती अधिकाराच्या कायद्याखाली तो मान्य केलाय. निकालानंतर अर्जाला थोडेच दिवस मिळतात, म्हणून उद्याच तारीख विचार. छायाप्रत आली की रसायनाच्या सरांसोबत बसून प्रश्नवार गुणांची बेरीज कर, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का आणि आतल्या पानावरचे गुण पहिल्या पानावर आलेत का ते बघ. काही सापडलं तरच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भर, आणि भरण्याआधी गुण कमीही होऊ शकतात का ते अर्जावरच्या नियमात वाचून घे. दोन गुण मिळून ४० झाले तर पुन्हा परीक्षा नाही, ४ क्रेडिट खात्यात आणि सीजीपीए ७.२९. नाहीच मिळाले तर हिवाळी परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख चुकवू नकोस, आणि त्या वेळी सोयाबीन वावरात असेल हे धरून अभ्यास आत्ताच सुरू कर.